धकाते मिस्त्रींचा अंदाज

जुनी गाडी पाहायला कुणाच्या दारात गेले की धकाते मिस्त्री मालकाला रामराम नंतर करत. आधी बॉनेटवर उजव्या हाताची मागची बाजू टेकवत, आपण पोराचा ताप बघतो तशी. बॉनेट थंड लागलं तर चेहरा सैल व्हायचा आणि मग बोलणं सुरू. गरम लागलं तर गाडी न पाहताच मागे फिरायचे. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली आणि त्या दिवशी ते माझ्या दारातून चहा न घेता परत गेले.

मी तेव्हा माझी जुनी गाडी विकायला काढली होती. नागपुरात मनीषनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांनी सल्ला दिला होता की गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन वीस मिनिटं चालू ठेवा, म्हणजे सकाळची घरघर त्याच्या कानावर पडत नाही. मी भूल देणारी डॉक्टर, स्वतःला चांगली शहाणी समजणारी, मी तसंच केलं. गिऱ्हाईक म्हणजे एक शाळामास्तर होते. त्यांच्यासोबत हा उंच, किडकिडीत म्हातारा आला, पांढरा सदरा आणि खिशात छोटी टॉर्च. त्याने बॉनेटला हात लावला आणि म्हणाला, "उद्या येतो. आज हिले झोपू द्या." माझा पारा चढला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो दारात हजर. घरघर ऐकली, मास्तरांना माझ्यासमोरच दुखणं समजावून सांगितलं, इलाज होण्यासारखा आहे, घेऊन टाका म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काल लपवलं काहून, बाई? गाडी सकाळी उठली का खरंच बोलते. तुमी उगाच मधात पडल्या." रागवायचं ठरवूनही मला हसू आलं आणि मी चहा टाकला. त्यानंतर आमच्या घरात आलेली प्रत्येक गाडी मिस्त्रींच्या हाताखालून गेली.

मिस्त्रींचं घराणं कोष्ट्यांचं. लहानपणी घरात तीन हातमाग होते आणि हे पोर वडिलांच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायचं. मागच्या खोलीत धागा तुटला तर समोरच्या खोलीतून आवाजावरून कळायचं, असं ते सांगत. माग बंद पडले, भाऊ मिळेल त्या कामाला लागले आणि हे लकडगंजात एका गॅरेजमध्ये शिरले. पुढे कमरेने दगा दिला. गाडीखाली झोपणं जमेना, तेव्हा हत्यारं मुलाच्या हवाली केली आणि फक्त "गाडी पाहून देणे" एवढाच धंदा ठेवला. कान तोच होता, म्हणायचे, फक्त सुताच्या जागी लोखंड आलं.

त्यांची पद्धत इतरांपेक्षा वेगळी होती. लोक विचारत, मिस्त्री, डिझेल घेऊ का पेट्रोल, मोठं इंजिन घेऊ का लहान? ते उलट विचारत, "पहिले रस्ता सांगा. मंग इंजिन सांगतो." आणि खरोखर सोमवारपासून रविवारपर्यंत तुमचा एकेक दिवस वदवून घेत. कुठे जाता, कितीदा थांबता, थांबल्यावर किती वेळाने परत निघता, सोबत कोण असतं. एका माणसाला त्यांनी या चौकशीनंतर गाडीच घेऊ नका, स्कूटर बरी आहे, असं सांगितलं होतं. तो महिनाभर फुगून बसला आणि नंतर दिवाळीला चिवडा घेऊन आला.

दुसरी एक रीत खास त्यांचीच होती. वडिलांनी मागावर विणलेल्या शेवटच्या लुगड्याच्या काठाची एक वीतभर पट्टी त्यांच्याजवळ होती, लाल, कडेला पिवळी रेघ असलेली. एखादी गाडी पसंत पडली आणि घेणाऱ्याने मान हलवली की मिस्त्री ती पट्टी स्टिअरिंगला बांधत. पट्टी बांधली म्हणजे गाडी त्या माणसाची झाली. विकणारा मग ती दुसऱ्या कुणाला दाखवत नसे. बयाणा नाही, कागद नाही, नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात त्या पट्टीला तेवढी किंमत होती. ज्या दिवशी गाडी घरी यायची, त्या दिवशी घेणाऱ्याने आपल्या हाताने पट्टी सोडून मिस्त्रींना परत द्यायची. बांधलेली पट्टी त्यांना स्वतःला कधी सोडावी लागली नव्हती.

आता माझ्या खुळाविषयी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला टप उघडणारी गाडी हवीशी झाली. दोन दारं, दोन माणसं, बटण दाबलं की छत मागे जाऊन घडी होणारं. तीस वर्षं मी खिडकी नसलेल्या ऑपरेशन थिएटरांमध्ये काढली होती, सकाळी आत जायचं आणि बाहेर यायचं तेव्हा दिवस संपलेला. डोक्यावर आकाश असलेली एक जागा मला माझ्या मालकीची हवी होती. नवी गाडी आमच्या ऐपतीबाहेरची, म्हणून जुनी. माझे यजमान श्रीकांत म्हणाले, मुलगी मार्गी लागली, तुझे गुडघे अजून वाकतात, घेऊन टाक बापडे, पुढे त्या गाडीतून तुला उचलून काढावं लागेल. मी लगेच मिस्त्रींना फोन केला.

नवल म्हणजे नागपुरात तेव्हा एकाच कंपनीच्या, एकाच बांधणीच्या अशा दोन गाड्या विकायला होत्या. एक लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे. तिचं इंजिन लहान, चार सिलिंडरचं. दुसरी वर्धा रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात, मोठ्या इंजिनाची, सहा सिलिंडर एका ओळीत. बाहेरून दोन्ही सारख्या. मी रात्री जागून इंटरनेटवर वाचलं होतं, की या गाडीचा खरा आत्मा सहा सिलिंडरमध्येच आहे, चारवाली फक्त दिखाऊ. माझं मन आधीच ठरलं होतं. मिस्त्रींना न्यायचं ते शिक्कामोर्तब करायला.

त्यांनी मात्र नेहमीसारखा माझा आठवडा मागितला. सोमवार ते शनिवार मनीषनगर ते धंतोली. धंतोलीत एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात, दिवसाला पाच-सहा ठिकाणी. दहा मिनिटं गाडी चालणार, अर्धा-पाऊण तास उन्हात उभी राहणार, परत तशीच गरमागरम चालू होणार. रविवारी जमलं तर रामटेक किंवा उमरेडचा रस्ता. मिस्त्री बोटांवर काहीतरी मोजत राहिले.

लकडगंजातली गाडी आम्ही सकाळी सातला पाहिली. थंड होती. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं, पुढे उभे राहिले, मागे गेले, डोळे मिटून ऐकलं. त्या व्यापाऱ्याने इंजिनाची आतली साखळी बदलल्याची पावती न मागता समोर ठेवली. मग आम्ही वर्धा रोडला गेलो. तिथेही बॉनेट थंड निघालं. सहा सिलिंडर सुरू झाले आणि मला ते दृश्य अजून आठवतं. म्हातारा हात मागे बांधून जागच्या जागी उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर एखाद्या पोराचं असावं तसं हसू आलं. मग दुकानातल्या टायवाल्या मुलाला म्हणाले की गाडी बाहेर उन्हात काढ, एसी लाव आणि पाऊण तास अशीच चालू ठेव. एप्रिलची दुपार होत आली होती. त्या मुलाने अठराव्या मिनिटाला इंजिन बंद केलं, साहेबांनी पेट्रोल वाया घालवू नका म्हटलंय, म्हणाला. मिस्त्री "बस. उत्तर भेटलं," म्हणून चालू लागले.

रस्त्यावर मी त्यांना धरलं. इतका सुंदर आवाज तुम्हीच ऐकलात ना, मग नाही कसं म्हणता? तेव्हा ते थांबून म्हणाले, "गाणं आहे, बाई. मी नाही कुठं म्हणून राहिलो? पण गाणं रविवारी ऐकाचं असते. तुमचा सोमवार ते शनिवार ह्या इंजिनाले सोसणार नाही. एक उन्हाळा काढन, दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचा पंप जाईन, अन् तुमाले कळेपर्यंत इंजिनाचं हेड वाकडं झालं असन. लहानी घ्या. लहानीवर बी आकाश तेवढंच दिसते."

त्या क्षणी मला ते पटलं, हे मी कबूल करते. आम्ही परत लकडगंजला गेलो. मिस्त्रींनी विचारलं, बांधू का? मी मान हलवली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली आणि स्टिअरिंगला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये मी ही हकीगत आमच्या एका हाडांच्या डॉक्टरांना सांगितली. ते हातमोजे चढवता चढवता हसले. म्हणाले, अगं घ्यायचीच तर चार सिलिंडर काय घेतेस, लोक विचारतील तेव्हा काय सांगशील? आणि एक सांग, तुझा मिस्त्री आयुष्यभर लकडगंजात होता, गाडीही लकडगंजातली, तुला काही दिसत नाही का यात? किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. खरं तर मला मिस्त्रींवर संशय घ्यायचा नव्हता. मला मोठं इंजिन हवं होतं, आणि ते घ्यायचं तर मिस्त्री लबाड असणं सोयीचं होतं. आज हे मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मी त्यांचे दोन-तीन फोन उचलले नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात वर्धा रोडवरून सहा सिलिंडर घरी घेऊन आले. लकडगंजला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी ते टाळलं.

मिस्त्री आले ते एका रविवारी सकाळी, बाजारातून कळल्यावर, स्वतःहून. मी अंगणात गाडी पुसत होते. त्यांनी बॉनेटला हात लावला, चालू करा म्हणाले, ऐकलं, आणि पाण्याच्या पंपावर लक्ष ठेवा, एवढंच बोलले. एक शब्द वावगा नाही. त्यांच्या त्या शांतपणाने मी जास्तच बिथरले आणि मनात होतं ते ओकून टाकलं. मिस्त्री, त्या लकडगंजच्या गाडीत तुमचं काही होतं का, असं मी विचारलं. त्यांना प्रश्न समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पट्टी आज सकाळी मीच सोडून आलो," ते म्हणाले. "सेठनं तुमच्यासाठी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली होती." श्रीकांत चहा घेऊन बाहेर आले तर मिस्त्रींनी उभ्या उभ्या घेतला, कप स्वतः विसळून ओट्यावर पालथा घातला आणि गेले.

मग मिस्त्री म्हणाले होते तसंच सगळं घडलं, जवळजवळ तारखेबरहुकूम. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. हिवाळ्यातल्या सकाळी उमरेडच्या रस्त्यावर टप मागे टाकून मी गाणी म्हणत गेले आहे, ते सुख खोटं नव्हतं. दुसऱ्या मे महिन्यात धंतोलीतच, तिसऱ्या हॉस्पिटलच्या दारात, तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. पंप गेला होता. हेड वाकलं होतं. सामान बाहेरगावाहून यायचं, येईना, आलं ते बसेना. गाडी आमच्या अंगणात खाकी कापडाखाली उभी राहिली ती उभीच. मी स्कूटरवर जायला लागले. त्या वेळी मिस्त्रींना फोन करावा असं रोज वाटायचं. त्यांनी दोन तासांत मार्ग काढला असता. पण फोन करायचा म्हणजे तुमचं बरोबर होतं म्हणायचं, आणि मी काय विचारलं होतं त्याची माफी मागायची. माझ्या तोंडून दोन्ही निघेना. पुढच्या आठवड्यात करू, असं म्हणत मी सहा-सात महिने घालवले.

आणि एके दिवशी दुसऱ्या दिवसाच्या ऑपरेशनच्या यादीत त्यांचं नाव दिसलं. दशरथ धकाते, बायपास. भूल देण्याआधी रुग्णाला आदल्या दिवशी तपासावं लागतं, तशी मी दुपारी वॉर्डात गेले. ते खूपच वाळले होते. मला पाहून उठून बसायला लागले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाता का म्हटलं तर, सोडला, चार महिने झाले, म्हणाले. दात तर वेगळंच सांगत होते. मी आवाज चढवला. भूल देणाऱ्या डॉक्टरशी खोटं बोलायचं नाही मिस्त्री, जिवावर बेततं, इथे फक्त खरं सांगायचं. ते शरमले. काल सकाळी थोडासा खाल्ला, असं त्यांनी कबूल केलं. मी ते कागदावर लिहून घेतलं.

मी निघणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गाडी कशी चालून राहिली, बाई?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. त्यांचा मुलगा गजानन पलंगाच्या पायाशी उभा होता, नर्स होती, शेजारच्या पलंगावरचा माणूस ऐकत होता. मी एवढी मोठी डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप. मी म्हणाले, मस्त चालली आहे. ते म्हणाले, गरम नाही झाली? मी म्हणाले, एकदाही नाही, दोन्ही उन्हाळ्यांत नाही. स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे कारण तयार होतं की ऑपरेशनच्या आधी रुग्णाला त्रास होईल असं काही बोलू नये.

मिस्त्रींनी पांघरूण सारखं केलं. मग मान हलवून म्हणाले, "मंग माहंच चुकलं. तुमच्या मनात उगाच भेव घातलं मी. माफ करा, बाई." आणि त्यांनी हात जोडले. मी घाईघाईने ते हात खाली केले, उद्या सकाळी भेटू म्हणाले आणि वॉर्डाबाहेर पडले. तेव्हाही मागे वळता आलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. फुप्फुसांनी मात्र साथ दिली नाही. श्वासाची नळी काढता आली नाही, तिसऱ्या दिवशी प्रकृती ढासळली आणि पाचव्या दिवशी ते गेले. चौथ्या दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, पंप, हेड, खाकी कापड, माझा संशय, सगळं. ते माझ्याच औषधांनी झोपलेले होते. काही ऐकू जात नाही, हे मला पलंगाभोवतीच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी गजानन कागदांवर सह्या घ्यायला हॉस्पिटलात आला. मी त्याला खोलीत बसवलं. तो वडिलांसारखाच, कमी बोलणारा. उठता उठता म्हणाला की एक विचारू का मॅडम, आणि त्याने सांगितलं, मी वॉर्डातून गेल्यावर मिस्त्री संध्याकाळपर्यंत जुनी गिऱ्हाइकं आठवत होते. कुणाला कोणती गाडी नाही म्हटली होती, ती नावं एकेक करून. गजाननने बापाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "एवढ्या भरवशानं मी बाईले नाही म्हटलं होतं, अन् गाडी एकदा बी गरम नाही झाली. असं कितीकाइले मी उगाच अडवलं असन, गजानन? लोकं माह्या शब्दावर परत जात होते." झोपेपर्यंत तेच चाललं होतं, म्हणाला. तर मॅडम, ती गाडी खरंच कधी गरम झाली नाही का?

मी त्याला खरं सांगितलं. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्यात उभं राहून जे जे म्हटलं होतं, ते सगळं तसंच झालं, एका गोष्टीतही ते चुकले नाहीत, असं सांगितलं. गाडी घरी बंद पडून आहे हेही सांगितलं.

गजानन खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने कागद पिशवीत नीट ठेवले. दाराशी जाऊन म्हणाला, "एवढंच त्याइले सांगतलं असतं, मॅडम, तर तुमचं काय गेलं असतं?"

काहीच गेलं नसतं.